यमुनेची ओहोटी

चिखले, डहाणू
८ मार्च २०२६

भावेशकाका,

आधी काय घडलं ते लिहिते.

१. मागच्या मे महिन्यात तुम्ही चिखले, नरपड आणि बोर्डीची माणसं यमुनोत्रीला नेलीत. त्यात बाबा, आई आणि मी होतो.

२. दर्शन झालं. आईने तांदळाची पुरचुंडी देवळाजवळच्या गरम पाण्याच्या कुंडात शिजवली. मग आपण सगळे डोंगर उतरून नदीकाठच्या मुक्कामावर आलो.

३. त्या संध्याकाळी वरच्या डोंगरात गारांचा पाऊस झाला. आपल्याकडे फक्त शिंतोडे आले.

४. दुसऱ्या दिवशी सकाळी नदीचं पाणी उतरू लागलं. पात्राच्या मधला मोठा काळा दगड पायथ्यापर्यंत उघडा पडला.

५. तुम्ही म्हणालात, "ओहोटी लागली. चला, माईने वाट दिली." तुमच्यामागे आठजण पात्रात उतरले. बाबा त्यात होते.

६. आईला ताप होता, म्हणून मी तिच्याबरोबर वरच्या गॅलरीत होते. मी ओरडून सगळ्यांना परत बोलावलं. सातजण वर आले.

७. बाबाही काठाला लागले होते. ते परत वळले.

८. पाणी आलं. तुम्ही वाचलात. बाबा सापडले नाहीत.

यात माझं मत कुठे नाही. सातव्या क्रमांकाचं कारण मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तुम्हाला आणि मला माहीत आहे.

तुम्ही माझा फोन उचलत नाही, म्हणून कागद वापरते आहे. बाबांच्या विधीनंतर तुम्ही काकीच्या माहेरी उंबरगावला गेलात, ते चिखल्याला परत आला नाहीत. त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माणसाने कुठे राहावं हा त्याचा प्रश्न.

लिहिण्याचं कारण वेगळं आहे. काल डहाणू रोडला स्टेशनबाहेरच्या वडापावच्या गाडीवर तुमचं पत्रक चिकटवलेलं पाहिलं. "यमुनोत्री दर्शन. प्रस्थान २ मे. जिथे माईने भक्तांना वाट दिली त्या पुण्यस्थानी विशेष पूजा. मुक्काम अगदी नदीकाठी." गाडीवाला म्हणाला, "तुमचेच काका ना? यंदा जागा भरल्या म्हणतात. भावेशभाईंना माई पावली." मी हो म्हणाले आणि वडापाव न घेता निघाले.

घरी आले तर आईने नाव दिलेलं होतं.

काका, आपण खाडीकाठची माणसं. पाणी उतरलं की खडपावर, उघड्या पडलेल्या खडकांवर जायचं, कालवं काढायची, पोरांना शंख गोळा करू द्यायचे, हे आपल्याला कोणी शिकवत नाही. उतरलेलं पाणी म्हणजे आपल्याला मोकळी झालेली जागा. म्हणून तुम्ही 'ओहोटी' म्हणालात तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही. आपल्या लॉजमध्ये नाशिककडचे लोकही होते. त्यांच्यातला एकही पात्रात उतरला नाही. उतरली ती आपली माणसं.

डोंगरातल्या नदीला ओहोटी नसते. गारांच्या पावसानंतर ती वाढायला हवी. ती उतरली, तर वर कुठेतरी दरड कोसळून तिला अडवलेलं असतं. अडलेलं पाणी मागे साठतं आणि मग दरड फोडून एकदम खाली येतं. मी पोट भरते ते धरणांवर पाणीपातळी मोजणारी यंत्रं बसवून. आमच्या कामात वाढलेल्या आकड्यापेक्षा विनाकारण घटलेला आकडा वाईट. तो दिसला की पहिला फोन वरच्या अंगाला करायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. यात्रा न्या, पण मुक्काम बदला. वरच्या गावात, रस्त्याच्या अंगाला, खोल्या मिळतात. आणि नदीपात्रातली ती पूजा पत्रकातून काढा.

कळवा.

मयुरा


तलासरी
२१ मार्च

भावेशकाका,

धरणावरचं यंत्र बदलायला आले आहे. जोडणी होईपर्यंत वेळ आहे, म्हणून इथूनच लिहिते.

तुमचं उत्तर आलं नाही. रिया मात्र आली होती. तिने तुमचा निरोप दिला, तो जसा ऐकला तसा लिहिते, म्हणजे मधे काही बदललं असेल तर तुम्हाला कळेल.

"ताई, पप्पा म्हणाले, पत्र मिळालं."

"आणि?"

"आणि म्हणाले, मयुराला सांग, धरणाचं गणित धरणावर ठेव. देवाच्या दारात आणू नको."

"तू वाचलंस पत्र?"

"मला कुठे देतात! देवघरात ठेवलंय, गणपतीच्या मागे." मग हसली. "आमच्याकडे लाइट बिलसुद्धा तिथेच ठेवतात. देव भरेल म्हणून."

मी तिला चहा दिला. तिने तो बराच वेळ तसाच ठेवला आणि मग मी न विचारता एक गोष्ट सांगितली. तिला दोष देऊ नका, तिला ती गंमत वाटते. ती म्हणाली, "पप्पांचं एक नवीनच झालंय. आंघोळीला बसले आणि मधेच नळाचं पाणी गेलं, तर तसेच बाहेर येतात. अंगाला साबण, कमरेला टॉवेल. मम्मी ओरडते, अहो बादलीत पाणी आहे की! पण पाणी थांबलं की ते न्हाणीत थांबतच नाहीत."

मला ते गमतीचं वाटलं नाही. तुम्हाला माहीत आहे, काका. लोकांना तुम्ही काहीही सांगा. पाणी थांबलं की काय येतं ते तुमच्या अंगाला माहीत आहे.

आता आईबद्दल. ती का निघाली आहे हे मला वाटलं होतं त्याहून वेगळं निघालं. मला वाटलं, वर्ष भरतंय म्हणून. बाबांचं काहीच सापडलं नाही, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला, ते तिच्या मनाला कधीच पटलं नव्हतं. त्या दिवशी ती भटजींना म्हणाली होती, "हे तर शेतातलं पान आहे." पण निघण्याचं कारण ते नाही. ओट्यावर चिकू निवडताना ती सहज बोलून गेली, "मीच पाठवलं ना त्यांना. मधल्या धारेचं पाणी हवं म्हणाले होते मी. गडू भरायला उतरले ते."

मी विचारलं, "कोणी सांगितलं?"

"भावेशने. तो होता ना तिथे."

तिने आदल्या दिवशी मधल्या धारेचं पाणी मागितलं होतं हे खरं. पण बाबांच्या हातात गडू नव्हता. गडू गॅलरीत माझ्या पायाशी होता. त्यातून मी तिला औषधाबरोबर पाणी दिलं होतं. मी तिच्याबरोबर चिकू निवडत राहिले.

दहा महिने ती हे घेऊन जगते आहे, आणि आता ती त्या काळ्या दगडापर्यंत जाणार आहे. कुंडात शिजवलेला भात त्या दगडावर स्वतःच्या हाताने ठेवायचा, म्हणजे तिच्या मागण्याची फेड होईल. तुम्ही तिला फोनवर सांगितलंत म्हणे, "वहिनी, मी स्वतः हात धरून नेईन. माई वाट देईलच."

उपग्रहाने घेतलेली चित्रं आमच्या कामात रोज पाहावी लागतात. त्या मुक्कामाच्या वरच्या खोऱ्याची चित्रं मी काल पाहिली. मागच्या वर्षी जिथून दरड आली तिथला डोंगर पावसाळ्यात आणखी सोललेला आहे. खाली पडलेला मलबा थेट नदीच्या पात्रापर्यंत उतरला आहे आणि नदी त्याच्या कडेने अरुंद वाटेने वाहते. पुन्हा तसंच होईल असं मी म्हणत नाही. कोणालाच तसं म्हणता येणार नाही. मागच्या वर्षी ते घडायला जे लागलं ते सगळं अजून जागेवर आहे, एवढंच म्हणते.

म्हणजे तुमची माई यंदाही वाट देऊ शकते.

जोडणी झाली. इथे काल पुन्हा जमीन हलली, हलकीच. तलासरीच्या लोकांनी आता त्याचं बोलणंही सोडलं आहे. माणसाला कशाचीही सवय होते.

उत्तर द्या.

मयुरा


चिखले
५ एप्रिल

भावेशकाका,

हनुमान जयंतीच्या संध्याकाळी पारनाक्याजवळच्या देवळात तुमची यात्रेकरूंची सभा झाली. मी मागे, चपलांच्या जवळ बसले होते. तुम्ही मला पाहिलंत. पाहिल्यावर तुम्ही बोलण्याचा वेग वाढवलात.

तुम्ही चांगलं बोलता, ते मान्य केलं पाहिजे. "स्वेटर दोन घ्या. गोळ्या ज्याच्या त्याने आणायच्या. मागच्या वेळी नरपडच्या मंडळींनी डब्यात सुकटीची चटणी आणली होती, अख्ख्या बसला वास. यंदा तसलं चालणार नाही."

"मग इतके दिवस आम्ही खायचं काय रे भावेश?" पुढून एक म्हातारी ओरडली.

"भक्ती खा, काकू!"

सगळे हसले. मीही हसले असते, बाबा असते तर. बाबांनी तिथे चिकूंची करंडी नेली होती, आठवत असेल. घोडेवाल्यांना एकेक देत होते आणि सांगत होते, "डहाणू का है, बी काढके खाओ." त्या लोकांना 'काढके' कळत नव्हतं. ते बीसकट खात होते आणि बाबा कपाळाला हात लावत होते.

मग कोणीतरी विचारलं, यंदाही माई वाट देईल का. तुम्ही म्हणालात, "मनात भाव असेल तर देते. वसुदेवाला दिली. आपल्याला दिली. आणि यमुना ही यमाची बहीण. तिच्या पाण्यात पाय ठेवला त्याला यम अवेळी नेत नाही. आमच्या दौलतदादाला तिने नेलं नाही. तिने बोलावलं."

माझी आई पहिल्या रांगेत होती. तिने हात जोडले.

मी उभी राहून विचारलं, "पाणी उतरलं तर काय करायचं ठरलंय?"

तुम्ही काही बोलायच्या आत बोर्डीचा एक ठेकेदार बोलला, "पाणी उतरलं तर आपणही उतरायचं, आणखी काय! फक्त रांगेने हो. धक्काबुक्की नको." पुन्हा हशा झाला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही पेला उचललात, तो रिकामा होता, तरी तोंडाला लावलात. मी पाहिलं.

बाहेर तुळशी भेटली. आशागडची, आमच्या वाडीत आईबरोबर चिकू निवडते ती. तिला आई सोबतीला नेते आहे. ती डहाणूच्या पलीकडे फक्त एकदा, चारोटीहून बसने नाशिकला गेलेली आहे. ती म्हणाली, "ताई, खरंच नदी बाजूला सरते का गं? आमचा पोर सुक्या म्हणतो, सरली तर मासे वेचून आण."

मी तिला स्वेटर आहे का ते विचारलं. खरं सांगायचं तर तुमच्याबद्दल सांगावं लागलं असतं, आणि ते आईच्या आधी तिला सांगणं बरं नव्हे. म्हणून सातव्या क्रमांकाचं आता लिहिते. हे पत्र देवघरात ठेवण्याआधी पूर्ण वाचा.

मी ओरडले तेव्हा नदीचा आवाज थांबलेला होता. म्हणून तर ऐकू गेलं. सातजण लगेच वळले. बाबा त्यांच्या मागून आले, त्यांनी काठावरच्या एका बाईला हात देऊन वर ओढलं. मग त्यांनी मोजलं. तुम्ही नव्हता. तुम्ही काळ्या दगडाजवळ वाकलेले होता. तुमचा बूट दोन दगडांमध्ये अडकला होता. यात्रेसाठी घेतलेले नवे, जाड तळाचे बूट. पाय निघत होता, बूट निघत नव्हता, आणि तुम्ही तो ओढत होता.

बाबा ओरडले, "बूट सोड रे! भावड्या, बूट सोड!"

तुम्ही वर बघून म्हणालात, "आलोच."

ते परत गेले. त्यांनी खाली बसून तुमच्या बुटाची नाडी सोडली, तुम्हाला काखेत धरून काठाकडे ढकललं. तुम्ही पुढे होता आणि ते मागे होते. वरून सगळं नीट दिसत होतं. आधी पाणी आलं नाही, आधी वारा आला, आणि मातीचा वास. मग जे आलं ते पाण्यासारखं दिसत नव्हतं.

तुम्ही वर आलात तेव्हा तुमच्या एका पायात बूट होता.

त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "वहिनीला यातलं काही सांगू नको." मी बरं म्हणाले. त्या वेळी ते तुमच्यावर दया म्हणून होतं. तुम्ही त्याची यात्रा कंपनी कराल असं मला वाटलं नव्हतं.

मला तुमचं कळत नाही असं नाही. माईने वाट दिली असेल, बाबांना तिने बोलावलं असेल, तर त्या बुटाला काही अर्थ उरत नाही. ती गोष्ट खरी ठरायला तुम्हाला दरवर्षी माणसं लागतील. नदी पुन्हा उतरायला हवी, आणि या वेळी कोणाला काही न होता सगळे त्या दगडापर्यंत जाऊन यायला हवेत. तसं झालं की तुम्ही सुटलात. त्या माणसांमध्ये पहिली माझी आई आहे.

मुक्काम बदलल्याचं कळवा.

मयुरा


चिखले
१८ एप्रिल

भावेशकाका,

चार दिवसांपूर्वी रियाने पार्सल आणून दिलं. आत बुटांचा जोड होता, आईच्या मापाचा. जाड तळाचे, त्याच कंपनीचे, रंग फक्त वेगळा. वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: "वहिनी, दगडांवर घसरणार नाहीत."

माझं आधीचं पत्र तुम्हाला मिळून आठवडा झाला होता. हे त्याचं उत्तर असेल, तर मला ते वाचता आलं नाही.

आईने बूट घालून ओट्यावर फेऱ्या मारल्या. "हलके आहेत गं," म्हणाली. आयुष्यभर चपला घातलेली बाई. तुळशी तिला म्हणाली, "हिरकणीबाय, आता तुम्ही पोलिसात भरती व्हा." दोघी खूप हसल्या. बाबा गेल्यापासून आईला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं. तुमच्या खात्यावर एवढं मांडून ठेवते.

पण दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी खडपावर जाऊ लागली आहे. सवय व्हावी म्हणून. काल अमावास्या होती, मोठी ओहोटी. मी तिच्यामागे गेले. समुद्र इतका आत गेला होता की सुरूच्या झाडांपासून पाण्याची रेघच दिसत नव्हती. शेवाळलेल्या दगडांवरून ती साडी खोचून, ते बूट घालून चालत होती, हातात बाबांचा गडू. तुळशी मागे. प्रत्येक दगडावर थांबून पाय घट्ट करायची, मग पुढचा. अगदी टोकाच्या खडकावर गेली, वाकली, गडू ठेवला, हात जोडले, गडू उचलला आणि उभी राहिली.

मग ती वळली नाही. भरती लागली तरी वळली नाही. पाणी दगडांमधून भरत आलं, तिच्या बुटांना लागलं, तेव्हा ती सावकाश फिरली आणि पाण्याच्या पुढे पुढे चालत परत आली. घाई नाही. तिला घाईची गरज नाही, कारण या समुद्राने तिला जन्मभर तसंच शिकवलं आहे. तो जातो तसाच येतो, घोट्यापासून सुरुवात करतो, माणसाला निघायला वेळ देतो.

ती वर आल्यावर मी म्हणाले, "आई, तिथे असं नसतं. तिथे पाणी घोट्यापासून येत नाही."

"माहीत आहे मला. गोड्या पाण्याला ओढ जास्त."

"ओढीचं नाही म्हणत मी. ते आलेलं दिसलं की निघायला वेळ नसतो."

"भावेश असेल ना बरोबर," ती म्हणाली. "त्याला कळतं. तो वाचला ना तिथून."

हे वाक्य मी तुमच्यासाठी लिहून ठेवलं आहे. मला त्यावर काही म्हणायचं नाही.

उद्या अक्षय्य तृतीया. तिकडे देवळाचं दार उघडेल. मी त्या मुक्कामाच्या मालकाला फोन केला होता. सज्जन माणूस आहे. तो म्हणाला, मागच्या वर्षी खालच्या खोल्या वाहून गेल्या, त्या तिथेच पुन्हा बांधल्या, कारण यात्रेकरूंना नदीजवळच हवं असतं. तुमच्या माणसांची नावं खालच्या खोल्यांना आहेत. "भावेशजी ने खुद बोला, नीचे वाले ही चाहिए." वरच्या गावात त्याच्या भावाच्या खोल्या आहेत. तुम्ही सांगितलं तर तो बदलून देईल, म्हणाला. मी सांगितलं तर देणार नाही, कारण बुकिंग तुमच्या नावाने आहे. मी विचारलं.

माझं ठीक आहे. विचारलं नाहीत तरी लिहिते. कामावर जाते, जेवते, झोपते. फक्त वाडीतल्या विहिरीचा पंप बंद पडला की मी जिथे असेन तिथे थांबते आणि ऐकते. रियाला हे सांगू नका.

मयुरा


चिखले
२३ एप्रिल

भावेशकाका,

मी आईला सगळं सांगितलं.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, म्हणून काल दुपारी, ती यात्रेचे तांदूळ निवडत होती तेव्हा तिच्यासमोर बसून सांगितलं. ओहोटी म्हणून कोणी हाक दिली ते. बूट, नाडी, "आलोच" हे सगळं. गडू माझ्या पायाशी होता हेही. काही वाढवलं नाही, काही गाळलं नाही. तिने सूप खाली ठेवलं नाही. खडे काढत राहिली.

शेवटी म्हणाली, "झालं?"

"हो."

"हे तू वर्षभर का नाही बोललीस?"

"काकांनी नको म्हणून सांगितलं होतं."

"आणि आता मी निघाले तेव्हा आठवलं."

"तू जाऊ नयेस म्हणून सांगतेय. पण म्हणून ते खोटं होत नाही."

तिने सूप पाखडलं. कोंडा माझ्या अंगावर आला, तिने तो झटकला, लहानपणी झटकायची तसा. मग म्हणाली, "तू वरून पाहिलंस, मयू. तो शेजारी होता. वरून दिसतं ते वेगळं असतं. तू माझी पोर आहेस, मला वाचवायला तू काहीही सांगशील. मी नसतं का सांगितलं तुझ्यासाठी?"

"मग काय केलं म्हणजे खरं मानशील?"

एक खडा उचलून तिने अंगणात टाकला.

"भावेशला सांगू दे. त्याच्या तोंडून, नाहीतर त्याच्या हाताने. मी पाण्यासाठी पाठवलं नव्हतं, एवढं त्याने म्हणू दे. तो म्हणाला तर मी घरात बसते. बूटही परत देते. पण तो नाही म्हणाला, तर मी जाणार आणि त्या दगडापर्यंत जाणार. ते माझ्यामुळे गेले असतील, तर मला तिथे जायलाच हवं."

मी धरणांवर काम करते. कुठला दरवाजा कोणाच्या किल्लीने उघडतो हे मला नेमकं माहीत असावं लागतं. ही किल्ली माझ्याकडे नाही. चित्रं, आकडे, मी स्वतः पाहिलेलं, यातलं काहीही तिच्यापाशी चालत नाही. ती फक्त तुमचं ऐकेल, कारण तिच्या नवऱ्याजवळ शेवटपर्यंत तुम्ही होता. ते खरं आहे. मी वर गॅलरीत होते.

तुम्ही लिहिलंत तर तुमचं काय होईल याचा मी विचार केला आहे. यात्रा बहुतेक मोडेल. लोक बोलतील. काही महिने वडापावच्या गाडीवरसुद्धा बोलतील. आई तुमच्यावर चिडेल, किंवा रडेल, किंवा तुम्हाला जेवायला बोलावेल, मला सांगता येत नाही. मी तुमच्याविरुद्ध काही करणार नाही. तुमच्यासाठी बाबा परत गेले होते. ती त्यांची निवड होती आणि मी ती मोडणार नाही. पण त्यांनी तुम्हाला काठावर ढकललं ते त्यांच्या बायकोला तिथे घेऊन जाण्यासाठी नाही.

तुम्ही लिहिलं नाहीत तर मीही दोन तारखेच्या गाडीत असेन. तिकीट काढलं आहे. तुमच्या यादीत माझं नाव नाही, पण गाडी तुमची नाही. आईशेजारची सीट मिळाली नाही, त्याच डब्यात मिळाली. मी त्या मुक्कामावर खालच्या खोलीत राहीन, आणि पाणी उतरलं तर आईबरोबर पात्रात उतरेन. ती वळली नाही तर मीही वळणार नाही. ही धमकी नाही. मी वर गॅलरीत उभी राहून पाहण्याचं काम एकदा केलं आहे, ते दुसऱ्यांदा करणार नाही, एवढंच त्यात आहे.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, मुक्कामाच्या मालकाला फोन करून सगळ्यांच्या खोल्या वरच्या गावात बदलून घ्या. त्याला कारण सांगायची गरज नाही. दोन, आईच्या नावे, तुमच्या अक्षरात, एक चिठ्ठी. दौलतदादा पाणी भरायला उतरले नव्हते, मी बोलावलं म्हणून उतरले, आणि माझा पाय सोडवायला परत फिरले. यापुढे क्षमा वगैरे लिहायचं असेल तर लिहा, नसेल तर नका. आई तेवढी तीन वाक्यं शोधेल.

टपालावर विसंबू नका. रियाबरोबर पाठवा, किंवा स्वतः या. उंबरगावहून चिखल्याला यायला तुम्हाला वाट विचारावी लागणार नाही.

मंगळवार, २८ एप्रिलपर्यंत उत्तर द्या.

मयुरा दौलत